सध्या काय करता?

मसाल्याच्या कपाटातले कागद बदलायचे होते. काम अर्ध्या तासाचं, पण आमच्याकडे त्याला अख्खी दुपार लागते. जुना कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही, हा माहेरून आलेला रोग. परवा हिंगाच्या डबीखालून ब्रायन मे निघाला. हळदीचा डाग नेमका त्याच्या त्या प्रसिद्ध केसांवर. बातमी 2007 सालची. इतकी वर्षं तो कागद तिथेच कसा, हे कृपया विचारू नये. सगळ्यात वरच्या कप्प्याकडे कोण बघतं?

'क्वीन' बँडचा हा गिटारवाला. सत्तरच्या सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सूर्यमालेतल्या धुळीवर संशोधन करत होता. बँड भलताच चालायला लागला, म्हणून 1974 मध्ये प्रबंध अर्धवट सोडला, आणि साठाव्या वर्षी परत जाऊन पूर्ण केला. डॉक्टरेट मिळाली. तीस-तीस वर्षं रखडलेले प्रबंध आमच्या इंदुरातही आहेत, एक तर नात्यातच आहे, पण मधल्या काळात त्या गृहस्थांनी वेम्बली स्टेडियम गाजवलेलं नाही.

मी कोणाचंही चरित्र शेवटून वाचते. लहानपणची हुशारी, पहिली संधी, मग यश, मग भांडणं, हे सगळं साधारण सारखंच असतं. टाळ्या थांबल्यावर पुढे काय, तेवढं मला सांगा. ज्याच्यासाठी लाखभर लोक ओरडायचे, तो माणूस मंगळवारी दुपारी अडीच वाजता काय करतो? खोड जुनीच आहे, पण यंदा तिला जरा निकड आली, कारण हे एप्रिलात रिटायर झाले.

वीज खात्यातली नोकरी. निरोप समारंभात हार, श्रीफळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ. आयुष्यभर वेळेवर गेलेल्या माणसाला जाताना घड्याळच का देतात, कोण जाणे. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून जो भेटेल त्याचा एकच प्रश्न. राजवाड्यावर भेटलेला, पोह्याच्या गाडीपाशी भेटलेला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला. "मग, सध्या काय करता?" हे नुसते हसतात. उत्तर शोधायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. हळदीचे हात पुसून मी ओट्याशी स्टुलावर बसले आणि मोबाइलवर मोठमोठ्यांची उत्तरायुष्यं काढली. इतक्यांनी काही ना काही केलंय, त्यातलं एखादं आमच्याकडे चालून जाईल, असा हिशेब.

गायक रॉड स्ट्युअर्टने घरात आगगाडी मांडली आहे. म्हणजे खेळण्यातली, पण सोबत पूल, कारखाने, उंच इमारती, धुरकटलेल्या भिंती, असं एक सबंध अमेरिकन शहर. तेवीस वर्षं लागली. दौऱ्यावर गेला की हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा, इमारती रंगवायला. मला हे फार आवडलं. ह्यांनाही इंदुराजवळच्या पातालपाणीच्या जुन्या मीटर गेज गाडीचं भारी वेड. पण आमच्या फ्लॅटमध्ये गाडी मांडायची तर ती स्वयंपाकघरातून वळवावी लागेल, आणि माझ्याकडून परवानगी मिळणार नाही.

धाकटे बुश चित्रं काढायला लागले. चर्चिल चित्रं काढत, हे वाचून त्यांनी शिक्षक ठेवला. 2013 मध्ये कोणीतरी घरच्यांच्या ईमेल चोरल्या आणि त्यातून राष्ट्राध्यक्षांची दोन चित्रं जगापुढे आली. एकात ते शॉवरखाली पाठमोरे, दुसऱ्यात बाथटबच्या पाण्यातून वर आलेली स्वतःची पावलं. त्यांच्या कारकिर्दीबद्दल माझं मत आहे तेच आहे, इराक काही पुसला जात नाही. पण साठी उलटल्यावर एवढ्या मोठ्या माणसाने शिकाऊ व्हावं आणि काढावं काय, तर आपले पाय!

ट्रुमनचं तर झकास. पद गेल्यावर मिझुरीत आपल्या गावी परतले. घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलंत, असं विचारलं, तर म्हणे, बॅगा माळ्यावर ठेवल्या. त्यांना लष्कराच्या तुटपुंज्या पेन्शनवर भागवावं लागतंय म्हणून अमेरिकेने 1958 मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांच्या पेन्शनचा कायदाच केला. पेन्शनचा मुद्दा निघाला तेव्हा ह्यांनी पेपर थोडा खाली केला होता. पुन्हा वर.

आणि कार्टर. ह्या माजी राष्ट्राध्यक्षांपाशी माझी दुपार सगळ्यात जास्त गेली. 1980 ची निवडणूक हरले, जॉर्जियातल्या प्लेन्स गावी परतले, तर शेंगदाण्याचा धंदा कर्जात बुडालेला. वय छप्पन्न. सहकाऱ्यांनी निरोपाला सुतारकामाची हत्यारं दिली होती. (घड्याळ नाही, बघा.) मग खुर्च्या केल्या, टेबलं केली, पलंग केला. दर रविवारी चर्चमध्ये बायबलचा वर्ग घ्यायचे, तोही नव्वदी उलटेपर्यंत. गरिबांची घरं बांधायला हातोडा घेऊन जगभर गेले. 2006 मध्ये आपल्या लोणावळ्यापाशीही आले होते. त्यांच्या आईचंच बघा ना, साठी कधीच ओलांडलेली बाई, 1966 मध्ये पीस कोअर ह्या अमेरिकेच्या स्वयंसेवक दलातून भारतात आली आणि विक्रोळीला दवाखान्यात नर्सचं काम करून गेली. घराण्यातच होतं म्हणायचं.

पण कार्टरांचं खरं काम म्हणजे नारू. आताच्या मुलांना नारू सांगून कळत नाही. आमच्या आजीने पाहिला होता. हा जंत पाण्यातून पोटात जायचा, वर्षभर पत्ता नाही, मग पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा बाहेर. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सडलाच म्हणून समजा. आजी म्हातारपणीही नळाचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायची आणि आम्ही हसायचो. ह्या रोगाला लस नाही, औषध नाही. कार्टर सेंटरने आफ्रिकेतल्या गावोगाव वाटलं तेही मुख्यतः फडकंच, गाळणीचं. 1986 मध्ये जगात वर्षाला सुमारे 35 लाख लोकांना नारू व्हायचा. 2023 मध्ये 14 जणांना झाला. आपल्याकडचा शेवटचा रोगी 1996 सालचा. कार्टर म्हणायचे, शेवटचा नारू माझ्या आधी मेला पाहिजे. तेवढं काही जमलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये शंभर वर्षांचे होऊन ते गेले, नारू थोडासा उरलाच.

माजी अध्यक्ष जवळून पाहिलेले म्हणाल, तर मी एकच पाहिले. रामबागेत आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे. वकील होते. आम्हाला कळायला लागल्यापासून तेच अध्यक्ष. आरतीनंतर त्यांचं भाषण, आणि भाषण संपेपर्यंत खिरापत झाकलेली. एका वर्षी तरुण पोरांनी मतदान घेतलं आणि त्यांना पाडलं. पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात खाली, 'माजी अध्यक्ष', मुंगीएवढ्या अक्षरात. आता हे काही मंडपात यायचे नाहीत, असं जो तो म्हणत होता. पहिल्याच संध्याकाळी आले. हातात पंच्यात गुंडाळलेली घरची विळी. कोपऱ्यात पाट घेऊन बसले आणि नारळ कातरायला लागले. धोतराचा सोगा गुडघ्याखाली खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खोबऱ्याचे सगळे तुकडे एका मापाचे. त्यावर पिठीसाखर, वेलदोडा. दहा दिवस हे एकच काम. कोण पोर दुसऱ्यांदा हात पुढे करतंय, ते त्यांना मान वर न करता कळायचं. आई म्हणायची, "अध्यक्ष होते तेव्हा नुसतं ऐकायला मिळायचं, आता निदान खायला मिळतं."

ह्यांना विळीवर बसवायचा विचार मनात येऊन गेला. गुडघ्यांचं बघून सोडला.

अशी मी एकेकाची चौकशी करत असताना पुन्हा हिंगाखालच्या बँडकडे आले. क्वीनमधला गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी बलसारा, 1991 मध्ये गेला. मे आकाशाच्या अभ्यासात रमला. ड्रमवाला टेलर अजून वाजवतो. आणि चौथा, बास वाजवणारा जॉन डीकन? जानेवारी 1997 मध्ये पॅरिसला बँडबरोबर स्टेजवर शेवटचं वाजवलं आणि मग घरी गेला. लंडनमध्ये पुटनीला राहतो. बस. 2001 मध्ये बँडचा मोठा सन्मान झाला, त्यालाही हा गेला नाही. रेल्वे नाही, चित्रं नाही, नारू नाही. मी बरंच शोधलं. काहीही करत नाही, निदान आपल्याला सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र सापडलं. हा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. तरुणपणी रस्त्यावरच्या कचऱ्यात त्याला एका रेडिओचं सर्किट मिळालं, त्याचा त्याने छोटा ॲम्प्लिफायर केला, आणि मेने पुढे क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो वापरला. हे मी मोठ्याने वाचलं, तेव्हा पेपर अख्खा खाली आला.

"जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असणार," हे म्हणाले.

शोधून पाहिलं. होते.

"त्याशिवाय तसा आवाज यायचा नाही," म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर. तो आवाज ह्यांनी कधी ऐकलाय म्हणून विचारणार होते, पण राहू दिलं. अटालेवाल्याला द्यायला काढलेल्या सामानातला जुना रेडिओ संध्याकाळी आपोआप माळ्यावर परत गेलेला दिसला. त्याचं पुढे काही होईल, असं मला वाटत नाही. व्हायलाच हवं, असंही नाही.

काल पुण्याहून मोठ्या नणंदबाईंचा फोन होता. हवापाणी झालं, भाच्याचं लग्न झालं, मग तो प्रश्न आलाच. "मग, सध्या काय करतो तो?"

"काही नाही," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर आवाजच नाही. मग अगदी हळू विचारलं, "तब्येत बरी आहे ना गं त्याची?"