जन्मतारखेचा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला आणि मला आधी आठवलं ते ऑफिसातलं जनरल रजिस्टर, मुलांच्या प्रवेशाची नोंदवही. लाल कापडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागेल एवढं. आपली शाळा माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण माझं खरं वय मला तिनेच सांगितलं.

जून १९८२ मध्ये मी आपल्या या मिशनच्या शाळेत पाचवीत दाखल झालो. गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला हातात होता. त्यावर जन्मतारीख होती १ जुलै १९७१. आमच्याकडे तेव्हा पोराचा हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लागला की ते शाळेच्या वयाचं झालं असं धरत, आणि तारीख मांडून मोकळे होत. फादरांनी वर्गात यादी वाचली. निम्म्याहून जास्त पोरं १ जुलैलाच जन्मलेली. आम्हांला त्यात काहीच नवल वाटलं नाही. फादर मात्र वाचता वाचता थांबले, त्यांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

नंतर पावसाळ्यात एक दिवस ते आमच्या गावी आले. शाळेपासून नऊ किलोमीटर. राजदूत मोटारसायकल नाल्याच्या अलीकडे उभी केली, पांढरा झगा गुडघ्याच्या वर खोचला आणि पाण्यातून चालत आले. माय-बाबा धानाच्या बांधीत रोवणीला गेले होते. घरी आजी होती. पोरगा कधी जन्मला, असं फादरांनी विचारलं. आजी म्हणाली, "तान्हा पोळा होता जी. पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन बोजारा मागाले दारात उभे, न् इकडं हा जलमला. दुष्काळ पडला त्या साली. लाल मिलो खाल्ला आमी."

एवढंच. पण त्यांना ते पुरलं. मिलो, ती रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. त्या वर्षीचं पंचांग त्यांनी आमच्या मराठीच्या सरांकडून शोधून काढलं. पोळा ७ सप्टेंबर १९७२, म्हणजे पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदारी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात तो तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला. मग ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही. कोतवालाने दिलेल्या खबरीवरून लिहिलेली ओळ तिथे सापडली: बाबांचं नाव, ८ सप्टेंबर, पुरुष. माझं नाव नव्हतंच, कारण तेव्हा ते ठेवलेलं नव्हतं. आजीचा शब्द आणि सरकारी वही एका दिवसावर जुळली होती. हे सांगायला फादर दुपारच्या सुट्टीत स्वतः वर्गात आले, तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

दुरुस्तीला पुरावा लागतो आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अर्ज चंद्रपूरला गेला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी आमचा जिल्हाच बदलला. गडचिरोली वेगळा झाला, कागद एका कचेरीतून दुसरीकडे निघाले, ते कुठे थांबले कळेना. फादर एसटीने जात, उभ्याने परत येत. मंजुरी आली तेव्हा मी सातवीत होतो. म्हणून माझ्या दाखल खारीज नोंदीत प्रवेशाच्या वेळी जिल्हा चंद्रपूर आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गडचिरोली.

८ सप्टेंबर हा येशूची आई मारिया हिचा जन्मदिवस, हे मला बोर्डिंगात कळलं. आपल्या सिस्टर केरळच्या. त्यांच्याकडे १ तारखेपासून आठ दिवसांचा उपास असतो आणि आठव्या दिवशी सण. त्या दिवशी बोर्डिंगात पायसम व्हायचं, गूळ आणि नारळाच्या दुधाचं. पहिल्या वर्षी मी नुसता जेवलो. माझी तारीख कायम झाल्यावर मोठ्या सिस्टरांनी पहिली वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आज तुझा पण." आमच्या घरी वाढदिवस कोणी करत नसे. तो माझा पहिला.

हे फादर आणि सिस्टर इतक्या लांबून इथे का आले, हे लहानपणी कोणी विचारत नाही. नंतर वाचलं. ३१ मार्च १९६२ रोजी रोमने चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरकडचा, हा प्रदेश केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे सोपवला आणि त्या चर्चमधल्या सी.एम.आय. या धर्मगुरूंच्या संघाचे फादर इकडे आले. त्या संघाच्या संस्थापकांपैकी एक, फादर कुरियाकोस एलियास चावरा, यांनी एकोणिसाव्या शतकात केरळात प्रत्येक चर्चजवळ शाळा काढायला लावली होती. ८ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टायमला त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी आठवीत होतो. फादर बल्लारशाहून रेल्वेने तिकडे गेले आणि परत येताना सगळ्या शाळेसाठी खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे काप घेऊन आले. खोबरेल डोक्याला लावायचं एवढंच आम्हांला ठाऊक, त्यामुळे पहिला काप तोंडात घालायला आम्ही घाबरलो होतो. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकी गोंड, माडिया, कुणबी, तेली, ढिवर, बौद्ध. ख्रिस्ती मुलांची धर्मशिकवण चाले तेव्हा आम्हांला नीतिशिक्षणाचा तास असे. मला कोणी कधी काही सोडायला सांगितलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

फादर गणित आणि इंग्रजी शिकवत, आणि मराठी आमच्याकडून शिकत. मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून ते "सिस्टर आला" म्हणायचे. आम्ही दुरुस्त केलं की खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचे. पण ज्यांच्याकडून शिकले ती पोरं झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यातली, म्हणून त्यांची मराठीही झाडीचीच झाली. तपासणीला आलेल्या साहेबांना ते "चहा घेऊन जाजो" म्हणाले. साहेबांनी शुद्ध रूप सांगितलं. फादरांनी तेही डायरीत लिहिलं, पण आमच्याशी बोलताना शेवटपर्यंत "येजो", "करजो" हेच म्हणाले. घरची भाषा शाळेत लपवायची नसते, हे मला त्यातून कळलं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोरांपुढे उभा राहतो तेव्हा मीही तसंच बोलतो.

रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. पटावरून नाव कमी होण्याची भीती दाखवली जात नसे. परत आलेल्यांना फादर रात्री बोर्डिंगच्या ओसरीवर कंदिलापुढे बसवून राहिलेलं शिकवायचे. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात आणि नेमकी तेव्हाच परीक्षा. १९८८ ला दहावीच्या पेपरच्या दिवशी पहाटे आमच्यापैकी काही जण मोह वेचून, टोपली घरी टाकून परीक्षेला आले होते. त्यांच्या हाताला तो गोड, आंबूस वास होता.

त्यांतलाच एक माझा बेंचवरचा मित्र. त्याच्याही गावी फादर गेले होते, दोनदा. पण तिथली नोंदवही वाळवीने खाल्लेली, आणि साल कोणतं हे घरात कोणालाच सांगता येईना. त्याची तारीख १ जुलैच राहिली. तो काही बोलला नाही. पण माझी मंजुरी आली त्या दिवशी तो दुपारी माझ्याबरोबर जेवायला बसला नाही, आणि मला काय बोलावं हे सुचलं नाही. गेल्या वर्षी तो गेला. फादर तर त्याच्या कितीतरी आधी, केरळात.

मागच्या महिन्यात स्मरणिकेच्या कामासाठी ऑफिसात गेलो आणि १९८२ चं रजिस्टर मागितलं. माझ्या ओळीत लाल शाईने जुनी तारीख खोडलेली, वर नवी, बाजूला मंजुरीचा क्रमांक आणि फादरांची बारीक सही. खालची ओळ मित्राची. तिथे खाडाखोड नाही. पण समासात, पेन्सिलीने, फादरांच्या त्या वळण न बसलेल्या देवनागरीत लिहिलं आहे: "आई सांगते, मोह पडत होते तेव्हा."