ठाणे खाडीच्या गाळावरचं वाचन: विज्ञान ग्रंथालयाचा माझा अनुभव

मी ठाण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ठाणे खाडीच्या गाळातलं शिसं, कॅडमियम आणि पारा हा विषय घेऊन पीएच.डी.ला नोंदणी केली, तेव्हा गाइड सरांनी पहिलं काम दिलं: आजवर काय काय झालंय ते वाचून या. आता एकेका शोधनिबंधाला प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात. ते पगारातून परवडणारं नव्हतं.

विद्यापीठाच्या विज्ञान ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या मॅडमनी आधी ईमेल आयडी नोंदवून घेतला आणि इन्फेडचं, म्हणजे घरूनही ग्रंथालयाची नियतकालिकं उघडता येणाऱ्या व्यवस्थेचं, लॉगिन करून दिलं. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू आहे. तिच्यातून सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात. इन्फेडमुळे ती ऐरोलीच्या घरी बसून, मुलगी झोपल्यावर उघडता येतात. नोकरी करून संशोधन करणाऱ्या बाईला याचं मोल काय असतं, ते मी सांगायला नको.

पण लॉगिन मिळालं म्हणजे वाचायला काय घ्यायचं ते कळलं असं होत नाही. शोधात ‘हेवी मेटल्स’ (जड धातू) टाकलं की जगभरचे निबंध अंगावर येतात. मॅडम म्हणाल्या, “तुमचा प्रश्न आधी एका वाक्यात कागदावर लिहा बघू.” मग त्यांनी त्या वाक्याचे तुकडे पाडले: जागा, नमुना, धातू. प्रत्येक तुकड्याला पर्यायी शब्द काढले आणि ते ‘ऑर’ने जोडले, म्हणजे त्यातला कुठलाही एक असला तरी चालेल. तिन्ही तुकडे एकमेकांना ‘अँड’ने जोडले, म्हणजे तिन्ही असायलाच हवेत. जागेच्या रकान्यात ठाणे खाडीसोबत उल्हास नदीचं मुख आलं, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आला आणि ‘बॉम्बे’ही आलं, कारण १९९५ च्या आधीचे निबंध त्याच नावाखाली आहेत. ‘सेडिमेंट’ (गाळ) या शब्दापुढे तारांकन (*) दिलं की त्या शब्दाची सगळी रूपं सापडतात. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत हे सगळं घातल्यावर यादी माणसाने वाचावी इतकी झाली. त्यातला एक चांगला निबंध धरायचा, त्याने कुणाचे संदर्भ घेतलेत ते मागे जाऊन बघायचं आणि पुढे त्याचा संदर्भ कुणी घेतलाय तेही बघायचं. माझं निम्मं साहित्य या मागे-पुढे जाण्यातून मिळालं.

सापडलेलं सगळं झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जातं. ते मोफत आहे, वर्डला जोडलं की संदर्भसूची आपोआप तयार होते. पीडीएफ ऑनलाइन ठेवायला फुकटात ३०० एमबीच मिळतात, म्हणून मी त्या लॅपटॉपवरच ठेवते.

साम्य तपासणीची, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघण्याची, मला धास्ती होती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची त्यात धरत नाहीत, आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य शब्दरचनाही सोडून देतात. ग्रंथालयात कच्चा मसुदा तपासून मिळाला. अहवालात जुळणारा मजकूर रंगवलेला असतो; बहुतेक रंग कार्यपद्धतीच्या प्रकरणावर होता. नमुना आम्लात कसा विरघळवला हे लिहिताना सगळ्यांची वाक्यं सारखीच होतात. मॅडमनी अहवाल ओळीओळीने माझ्यासोबत वाचला. नुसता आकडा हातात ठेवून पाठवलं असतं तर मी चांगली वाक्यंही घाबरून मोडली असती.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मला हे सगळं मिळालं ते विद्यापीठाची संशोधक विद्यार्थिनी म्हणून. योजनेच्या पहिल्या टप्प्यात खासगी कॉलेजं नाहीत, त्यामुळे माझ्या एम.एस्सी.च्या मुलांना ती नियतकालिकं उघडता येत नाहीत. खाडी त्यांच्या घरामागे आहे, तिच्यावरचं विज्ञान त्यांना वाचता आलंच पाहिजे. तोवर मी त्यांना खुल्या जागा दाखवते: गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं डिजिटल भांडार, पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी शोधगंगा, आणि ‘इंडियन जर्नल ऑफ जिओ-मरीन सायन्सेस’चे मोफत अंक. प्रश्नाचे तुकडे पाडायचा तो कागद तर मी आता प्रत्येक प्रोजेक्टच्या आधी त्यांच्याकडून लिहून घेते.