पाणीपट्टीच्या गणितातला भाजक

पाणीपट्टीवाढीचा प्रस्ताव आला की ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, वाद एकाच आकड्यावर होतो: खर्च किती वाढला. पण दर म्हणजे भागाकार आहे. वर वर्षाचा खर्च आणि खाली ज्याचं बिल निघालं व पैसेही आले, तेवढंच पाणी. खालच्या आकड्याकडे लक्ष गेलं नाही की कितीही दरवाढ केली तरी वाहिन्या बदलायला पैसा उरत नाही.

उदाहरणाने मांडतो. समजा मलवाहिन्या आणि उदंचन केंद्रांसाठी (सांडपाणी उपसणाऱ्या पंपघरांसाठी) १०० कोटींचं कर्ज काढलं, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचा समान हप्ता साधारण १० कोटी १९ लाख येतो. शहरात रोज १०० दशलक्ष लिटर पाणी येतं असं धरा. हप्त्याचा भार दर हजार लिटरमागे २ रुपये ७९ पैसे पडतो. आता यातलं २५ टक्के पाणी गळती, चोरी आणि बंद मीटर यांत गेलं, तर तोच हप्ता ३ रुपये ७२ पैशांवर जातो. निघालेल्या बिलांपैकी ८० टक्केच वसूल झाली, तर ४ रुपये ६५ पैसे. एक पाइपही जास्त न टाकता प्रामाणिक ग्राहकाच्या माथी ६७ टक्के जादा. केंद्र सरकारने २००८ साली सेवांचे जे मापदंड ठरवले, त्यात बिलाविना जाणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत आणि वसुली ९० टक्के अपेक्षित आहे. त्या हिशोबाने हा भार ३ रुपये ८८ पैसे होतो. प्रस्तावात दर नेमक्या कोणत्या भाजकावर काढला आहे हे लिहिलेलंच नसेल, तर तो प्रस्ताव परत पाठवायला हवा.

वरचा आकडा दोन्ही शहरांत वेगळ्या घडणीचा आहे. ठाण्याचं पाणी चार हातांतून येतं: पिसे इथे भातसा नदीतून उचलून टेमघरला शुद्ध होणारी स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. विकत घेतलेल्या पाण्याचं बिल ते नळापर्यंत पोचो वा न पोचो, भरावंच लागतं. म्हणून ठाण्यात गळती म्हणजे रोख नुकसान. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, भोकरपाड्याला शुद्ध झालेलं पाणी बहुतांश उताराने येतं, त्यामुळे विजेचा बोजा हलका. विजेचा हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर सुमारे ०.४२ युनिट वीज लागते. ८ रुपये युनिटने साडेतीन रुपयांच्या आसपास. वीजदर बदलला की हा भाग आपोआप बदलेल अशी तरतूद दराच्या सूत्रातच असावी. नाहीतर चार वर्षं दर गोठतो आणि पाचव्या वर्षी एकदम मोठा फटका बसतो.

घसाऱ्याचं, म्हणजे यंत्रं आणि वाहिन्यांच्या दरवर्षीच्या झिजेचं, तर नावच निघत नाही. पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत पंप आणि मोटारी १५ वर्षांच्या, वितरण वाहिन्या ३० वर्षांच्या हिशोबाने आखतात. अनुदानातून टाकलेल्या वाहिनीचं व्याज ग्राहकाकडून घ्यायचं कारण नाही, हे बरोबर. पण ती कधीतरी बदलावी लागणार, तेव्हा दुसरं अनुदान येईलच असं नाही. तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात पडली पाहिजे आणि त्या खात्यातून रस्त्याचं डांबर भरलं जाता कामा नये.

आता टप्प्यांचा, म्हणजे वापर वाढेल तसा चढणारा दर. पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, म्हणजे महिन्याला साधारण २० हजार लिटर. पहिला स्वस्त टप्पा तिथपर्यंत ठेवणं रास्त. घोळ होतो तो सोसायटीत. १०० सदनिका, एकच मीटर, महिन्याचा वापर १८ लाख लिटर. सदनिकेमागे १८ हजार, म्हणजे सगळे स्वस्त टप्प्यात. पण संगणकात टप्प्याला सदनिकांच्या संख्येने गुणलं नसेल, तर २० हजार लिटर सोडून बाकी सगळं वरच्या दराने आकारलं जातं. चाळीतल्या सामायिक जोडणीचंही तेच. दुसरी चूक म्हणजे टप्पा ओलांडला की सगळ्याच पाण्याला वरचा दर लावणं. हजार लिटरला ८ आणि १२ रुपयांचे टप्पे असतील तर २० हजारांचे १६० रुपये होतात, आणि २१ हजारांचे व्हायला हवेत १७२. चुकीच्या पद्धतीत ते २५२ होतात. अशा बिलावर तक्रार येणारच, आणि तक्रारीतलं बिल वसूल होत नाही.

मीटरचं दुखणं समजून घ्यायला हवं, कारण भाजक तिथे गळतो. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत साधा बॉलकॉक असतो. टाकी भरत आली की तो हळूहळू मिटतो आणि बारीक धार चालू राहते. जोडणी ५० मिलिमीटरची म्हणून मीटरही ५० चा बसवलेला असेल, तर इतक्या बारीक धारेला तो हलतच नाही. मीटर पाइपच्या मापावर नव्हे, प्रत्यक्ष प्रवाहावर निवडावा आणि बॉलकॉक पूर्ण उघडणारा व झटक्यात पूर्ण मिटणारा घ्यावा. उलट, ठरावीक तासांच्या पुरवठ्यात पाणी सुटताना आधी वाहिनीतली हवा धावते आणि मीटर हवेवर पळतो. लोक सांगतात ते खोटं नाही. उंचावरच्या ठिकाणी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवणं, हा त्यावरचा उपाय. बंद मीटरला सरासरी बिल दोन वेळांपेक्षा जास्त देऊ नये. सरासरी स्वस्त पडली की मीटर कोणीच बदलत नाही.

मलनिस्सारणाचा आकार सहसा पाण्याच्या बिलाला जोडतात, कारण वापरलेल्या पाण्यातलं ८० टक्के मलवाहिनीत येतं असं गृहीत धरतात. घोडबंदर रोडवर हे गृहीतक कोसळतं. १०० सदनिकांच्या, ४०० माणसांच्या संकुलाला रोज पालिकेचं २० हजार लिटर मिळतं आणि १० हजारांचे तीन टँकर येतात असं समजा. सांडपाणी निघतं ४० हजार लिटर, आकार लागतो १६ हजारांवर. उरलेल्या २४ हजारांचा पंप आणि शुद्धीकरणाचा खर्च दुसऱ्याच्या बिलात जातो. इथे माणसांवर मोजावं: ४०० गुणिले १३५, त्याचे ८० टक्के, म्हणजे ४३ हजार लिटर. वास्तवाच्या पुष्कळ जवळ. ज्यांचं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखर चालतं, त्यांना सवलत जरूर द्यावी, पण बाहेर पडणाऱ्या पाण्याचा मीटर आणि केंद्राचं वीजबिल बघून. नुसत्या प्रमाणपत्रावर नको.

नवी मुंबईत खाडीकाठच्या मलवाहिन्यांची एक निराळी गळती आहे, ती आत येणारी. उदंचन केंद्रातला प्रवाह भरतीच्या वेळी वाढत असेल, तर सांध्यांतून खाडीचं पाणी शिरतंय. ते उपसायचं, शुद्ध करायचं, आणि बिल कोणालाच नाही. खारेपणाने शुद्धीकरणातले जिवाणू मंदावतात, शिवाय विरघळलेले क्षार वाढतात. ऐरोली आणि कोपरखैरणेला रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची तृतीय स्तराची (शुद्ध केलेलं सांडपाणी आणखी शुद्ध करून पुन्हा वापरण्याजोगं करणारी) केंद्रं ज्या कारखान्यांसाठी उभी केली, त्यांना क्षारयुक्त पाणी चालत नाही. म्हणजे सांधे दुरुस्त करणं हा खर्च असला तरी त्याने विक्रीचं उत्पन्न वाचतं. दर ठरवताना ते उत्पन्न मलनिस्सारणाच्या खर्चातून वजा करून दाखवावं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरायचे असतात, म्हणून भाजकाची तपासणी दिवाळीआधी सुरू व्हायला हवी. रात्री २ ते ४ मध्ये विभागवार प्रवाह मोजला तर गळती कुठे आहे ते कळतं, कारण त्या वेळी वापर सगळ्यात कमी असतो. मार्चमधल्या अभय योजनेने त्या वर्षाची वसुली फुगते. विलंब शुल्क माफ झालेलं पाहून वेळेवर भरणारेही पुढच्या वर्षी थांबतात आणि भाजक पुन्हा आकसतो. त्यापेक्षा जुन्या थकबाकीला हप्ते द्यावेत, विलंब शुल्क कायम ठेवावं आणि चालू बिल भरल्याशिवाय हप्त्याची सवलत चालू ठेवू नये.