सतराचा भागाकार

आमचं घर निपाणीत, एका तंबाखूच्या वखारीमागं. १९८४ साली मी आठवीत होतो. एके दिवशी गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर एकाला सातानं भागलं. १४२८५७ हे सहा अंक आले आणि परत तेच फिरू लागले. मग म्हणाले, "आता घरी जाऊन एकाला सतरानं भागा. कागद संपला तर दुसरा घ्या, पण बाकी सोडू नका."

संध्याकाळी वखारीच्या पायरीवर बसलो. सतराचा पाढा पाठ होता, तरी सातव्या-आठव्या अंकाशी हात थकला. बाकी १०, १५, १४, ४, ६, ९, ५ आणि मग १६. इथं काहीतरी चुकलं असं वाटून सगळं खोडलं, पुन्हा केलं. पुन्हा १६च. सोळाव्या अंकाला बाकी १ उरली, म्हणजे जिथून निघालो तिथंच आलो. वहीत उरलं ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य धरायचं, हे गुरुजींनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी या संख्येला दोनानं गुणायला लावलं. ११७६४७०५८८२३५२९४! तेच अंक, तीच रांग, फक्त सुरुवात दुसरीकडून. तीनानं गुणलं, तेच. सोळापर्यंत कुठल्याही संख्येनं गुणा, अंक जागा बदलतात, रांग मोडत नाही. सतरानं गुणलं की मात्र सोळा नऊ. कारण माझ्याच वहीत होतं: १ ते १६ या सगळ्या बाक्या एकेकदाच येतात, आणि दोनानं गुणणं म्हणजे बाकी २ पासून भागाकार सुरू करणं. आणि मला चुकीची वाटलेली ती बाकी १६? ती बरोबर मध्यावर येते. म्हणून ०५८८२३५२ आणि ९४११७६४७ मिळवले की आठ नऊ.

मग गुरुजींनी तीच संख्या खाली कानडी आकड्यांत लिहिली. कर्नाटकाच्या बसच्या पाट्यांमुळं ते आकडे आम्हा सगळ्यांनाच येत. बाकावरच्या माझ्या कानडी मित्रानं ती कानडीतून मोठ्यानं वाचली, मी मराठीतून. तो आवाज अजून कानात आहे.

पुढं कॉलेजात कळलं की सतरासारख्या, म्हणजे सगळ्या बाक्या एकाच फेरीत येणाऱ्या मूळ संख्या शंभराच्या आत नऊच: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. १३ त्यात बसत नाही, तिच्या बाक्या सहा-सहाच्या दोन फेऱ्यांत वाटल्या जातात. या संख्या कधी संपतात की नाही, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. गणितज्ञ एमिल आर्टिननं १९२७ साली मांडलेला अंदाज म्हणतो, त्या अनंत आहेत, दर शंभर मूळ संख्यांत सरासरी सदतीसच्या आसपास.

गुरुजी, तुम्ही सांगितलेला एकोणिसाचा भागाकार तेव्हा राहून गेला होता. आता केला. अठरा अंक आले: ०५२६३१५७८९४७३६८४२१.