तुम्ही विचारलंत म्हणून: नाइन्टीन इलेव्हन, हायपॉवर की लुगर?

ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, आणि हल्ली फोनवरसुद्धा मला एकच प्रश्न येतो, की जुन्या पिस्तुलांपैकी पहिलं कुठलं घ्यावं, अमेरिकन नाइन्टीन इलेव्हन, बेल्जियन हायपॉवर की जर्मन लुगर. मी ओहायोत राहतो, बरीच वर्षं जुनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं जमवतो आणि रेंजवर चालवतोही, म्हणून लोक विचारतात. मी आधी उलट विचारतो, ठेवायचंय की चालवायचंय? बहुतेक जण म्हणतात दोन्ही. खरी अडचण तिथेच आहे, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतोय.

माझं पहिलं पिस्तूल मी एका गन शोमध्ये घेतलं, दुसऱ्या महायुद्धातलं रेमिंग्टन रँडचं नाइन्टीन इलेव्हन ए वन. रेमिंग्टन रँड ही टाइपरायटरवाली कंपनी, युद्धात न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला पिस्तुलं बनवायला लागली आणि साडेआठ लाखांच्या वर बनवली, म्हणजे या पिस्तुलाची मूळ कंपनी कोल्ट, तिच्यापेक्षाही जास्त. विकणारा म्हणाला अगदी ओरिजिनल आहे, आणि ते असं काळंभोर चमकत होतं की मला वाटलं काय जपलंय कुणीतरी. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की युद्धातल्या या पिस्तुलांना चमक नसतेच, पार्कराइझ्ड फिनिश असतं, पाटीसारखं राखाडी आणि हाताला जरा खरखरीत. माझं कुणीतरी बफवर घासून नव्याने ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर-काळी झाक देणारं फिनिश, केलेलं होतं. भिंगाखाली बघितलं तर स्लाइडवरच्या, म्हणजे गोळी सुटली की मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरच्या, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या विरघळलेल्या. कलेक्टरच्या हिशोबाने निम्म्याहून जास्त किंमत गेलेली आणि मी पैसे मोजले होते पूर्ण. फार लागलं ते मनाला, बायकोला सांगायलाही आठवडा गेला.

पण आज मी सगळ्यात जास्त गोळ्या त्याच पिस्तुलातून झाडतो. स्लाइडला परत पुढे ढकलणारी १६ पौंडाची नवीन रिकॉइल स्प्रिंग टाकली, चांगली नवीन मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) घेतली, आणि ते बिनतक्रार चालतंय. जे बिघडायचं ते आधीच बिघडलंय, त्यामुळे ओरखडा पडेल, एखादा पार्ट तुटेल ही भीती नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की चालवायला असंच घ्या, कलेक्टरने नाक मुरडलेलं, रिफिनिश केलेलं, नंबर न जुळणारं, पण आतून धडधाकट, आणि ठेवायचं असेल ते वेगळं घ्या, सावकाश, बघून, पैसे साठवून. एकाच पिस्तुलात दोन्ही हौशी भागवायला गेलात तर चालवताना जीव टांगणीला राहतो आणि ठेवलेलं असताना हात शिवशिवतात.

आता चालवायला नाइन्टीन इलेव्हनच का चांगलं, तर ट्रिगर. बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर एका खिळीवर फिरतो, याचा सरळ मागे सरकतो, त्यामुळे दाब येतो आणि काच तुटावी तसा एकदम सुटतो. कॅम्प पेरीला, लेक एरीच्या काठावर, १९०७ पासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने होतात, तिथे बुल्सआय प्रकारात एका हाताने २५ आणि ५० यार्डांवर नेम धरतात आणि पॉइंट फॉर्टीफाइव्हच्या, म्हणजे ०.४५ इंची गोळीच्या, फेरीत आजही ओळीने नाइन्टीन इलेव्हनच दिसतात. वजन साधारण १.१ किलो, गोळी जड, २३० ग्रेनची म्हणजे साधारण १५ ग्रॅमची, पण दाब कमी असतो म्हणून धक्का चटका दिल्यासारखा येत नाही, ढकलल्यासारखा येतो. नवख्यांना हे ऐकून खरं वाटत नाही, पहिल्या मॅगझिननंतर वाटतं. एक मात्र लक्षात ठेवा, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडचं पोलाद मऊ आहे, ती तडकते, तसलं मिळालं तर ते ठेवायचंच.

ओरिजिनल या शब्दाचा अर्थसुद्धा प्रत्येक पिस्तुलाला वेगळा असतो. अमेरिकन सैन्याची अटच होती की कुठल्याही कंपनीचा पार्ट कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे, त्यामुळे युद्धानंतर सरकारी आर्सेनलमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कारखान्यात, पिस्तुलं ढिगाने उघडली, धुतली आणि हाताला येईल तो पार्ट घालून परत जोडली. एकाची फ्रेम, दुसऱ्याची स्लाइड, तिसऱ्याचं बॅरल, आणि तरी ते अस्सल सरकारी पिस्तूल. लुगरचं अगदी उलट. तिथे पार्ट हाताने एकमेकांत बसवलेले, म्हणून बारीक बारीक पार्टवरसुद्धा सिरियल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. एक पार्ट वेगळ्या नंबरचा निघाला की किंमत धाडकन खाली. म्हणून लुगरचे खोटे नंबर ठोकणारेही आहेत, तेव्हा आकड्यांची अक्षरशैली आणि ठोकलेल्याच्या कडा भिंगातून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

लुगर दिसायला सगळ्यात सुंदर, यात वाद नाही. १९०८ साली जर्मन सैन्याने घेतलं आणि नाइन एमएम पॅराबेलम हा राऊंड, म्हणजे काडतूस, जो आज जगभर चालतो, तो याच्याबरोबर आला. वरचा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा, गोळी सुटताना सरळ ताठ असतो आणि मग वर दुमडतो. हे दुमडणं जवळून बघायला मिळावं म्हणून मी लोकांच्या शेजारी तासतास उभा राहिलोय. पण पहिलं पिस्तूल म्हणून घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. गोळी जरा कमजोर निघाली की सांधा पुरता मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं, मॅगझिन ढिली असली तरी अडकतं, आणि नंबर जुळणाऱ्या लुगरचा एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस ओढून काढणारा छोटा आकडा) रेंजवर तुटला तर दुकानातून दुसरा आणता येतो, त्याच नंबरचा नाही आणता येत.

हायपॉवरबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही, ते आधीच सांगतो. हे पिस्तूल काढणाऱ्या जॉन ब्राउनिंग या डिझायनरने स्वतःच्या नाइन्टीन इलेव्हनचे पेटंट कोल्टला दिलेले होते, त्यामुळे नवीन पिस्तूल त्याला ते सगळं टाळून काढावं लागलं, आणि ते पुरं व्हायच्या आत १९२६ च्या नोव्हेंबरात बेल्जियममध्ये एफएन या शस्त्रकंपनीच्या कारखान्यातच तो गेला. पुढचं काम एफएनच्या द्यूदोने सेव्हने केलं, कोल्टचे पेटंट संपल्यावर त्यातल्या चांगल्या गोष्टी परत आत घेतल्या, आणि १९३५ ला जे आलं त्यात १३ गोळ्यांची दुहेरी रांगेची मॅगझिन होती आणि तरीही मूठ हातात भरते, जाड लागत नाही. जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर कारखाना त्यांच्यासाठी हीच पिस्तुलं काढत होता आणि तिकडे कॅनडात टोरांटोला इंग्लिस कंपनी दोस्तांसाठी तीच काढत होती, सुमारे दीड लाख. एकाच युद्धात दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल.

आणि त्याच घराण्यातलं तिसरं आमच्या घरी पोचलं, म्हणजे बोलण्यात पोचलं. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, काही वर्षं कोतात, म्हणजे तुकडीच्या शस्त्रागारात, होते, आणि आपल्या सैन्याचं नाइन एमएम पिस्तूल, वन ए, जे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं, ते हायपॉवरच आहे. लहानपणी बाबा जेवताना हाताने हवेत स्लाइड काढून दाखवायचे, आई म्हणायची ताटात बघा. बाबा इकडे आले तेव्हा त्यांना रेंजवर नेलं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला इथे पिस्तूल हातात घेता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे असेल तरच, म्हणून ते हात पाठीमागे बांधून माझ्या मागे उभे राहिले. मी माझं इंग्लिस टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि एकदम कोतातल्या आवाजात म्हणाले, "आधी मॅगझिन काढ, चेंबर दाखव." दाखवलं. मग बोटही न लावता, नुसतं सांगत सांगत, त्यांनी माझ्याकडून ते पूर्ण उघडून घेतलं, आणि बॅरलच्या खालचा भाग उजेडात धरायला लावून म्हणाले, "हे इथं पुसत नाहीस तू."

तर हायपॉवरचा ट्रिगर नाइन्टीन इलेव्हनइतका चांगला नाही, मॅगझिन सेफ्टीमुळे (मॅगझिन काढलेली असली की गोळी सुटू न देणारी सोय) तो मॅगझिनवर घासत येतो आणि जड लागतो, शिवाय मोठा हात असेल तर हॅमर अंगठ्याच्या बेचक्यात चावतो. लोक ती मॅगझिन सेफ्टी काढून टाकतात, मी जुन्या पिस्तुलात असं काही काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. पण धरल्यावर आपोआप टार्गेटकडे बघणारं दुसरं पिस्तूल माझ्या हाताला माहीत नाही.

बजेट कमी असेल तर वॉल्थरचं पी वन, युद्धानंतरच्या जर्मन सैन्याचं, हलक्या अलॉय फ्रेमचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पी थर्टीएटचा धाकटा भाऊ. चालवायला छान, फार काही सांगण्यासारखं नाही.

अजून दोन गोष्टी. जुनं पिस्तूल त्याच्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि एका पावसाळ्यात ब्लूइंगवर गंज चढतो. आणि अमेरिकेत ५० वर्षांपेक्षा जुन्या पिस्तुलांसाठी क्युरिओ अँड रेलिक लायसन्स मिळतं, ३० डॉलर, ३ वर्षांसाठी, आलं-गेलं त्याची वही ठेवावी लागते, ते काढाच. भारतातून विचारणाऱ्यांना मात्र सांगतो की नाइन एमएम आणि पॉइंट फॉर्टीफाइव्ह तिथे साध्या लायसन्सवर मिळत नाही, तुमच्यासाठी पॉइंट थर्टीटू, तो वेगळा विषय आहे.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर शनिवारी सकाळी माझ्याबरोबर रेंजवर चला. ग्रीन कार्ड झालंय ना ते आधी कळवा, एच वन वर असाल तर नुसतं बघता येईल. चष्मा आणि कानाचे मफ माझ्याकडे जास्तीचे आहेत. रेमिंग्टन रँड आणि इंग्लिस दोन्ही आणतो, दोन-दोन मॅगझिन झाडा आणि मग बोलू.