ग्रिलमधले गावरान टोमॅटो

बोरिवलीत आमच्या ग्रिलला सकाळचं ऊन मिळतं, तेवढ्यावर मी गावरान टोमॅटो लावते. बी गणपती गेल्यावरच टाकायचं. मुंबईची थंडी ती केवढी, पण रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरला की फळ नीट धरतं. उकाड्यात फुलं नुसती गळतात.

संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढचं झाड कसं निघेल, सांगवत नाही. गावरान मात्र बहुधा आईच्याच वळणावर जातं. म्हणून पहिलं चांगलं फळ साराला नाही, बियाण्याला! गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवला की बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. वास येतो, सासूबाई नाक मुरडतात. मग धुऊन सावलीत वाळवायचं.

शेजारच्या काकूंनाही यंदा बी हवंय. पण त्यांच्या ग्रिलला ऊनच नाही, त्यांना अळूच बरं.