आवाज येतो, शब्द येत नाहीत

तीन वर्षांपूर्वी नातीला ताप आला होता. तिच्या काखेत डिजिटल थर्मामीटर लावून, तिला मांडीवर घेऊन मी तो वाजायची वाट बघत बसलो होतो. बराच वेळ गेला. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, ते मगाशीच वाजलं." मला वाटलं, सेल संपत आला असेल. पुन्हा लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आत्ता वाजलं," आणि मी नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. थर्मामीटर माझ्या कानापासून हातभर अंतरावरही नव्हता.

घरचे त्याआधी चारेक वर्षं सांगत होते, कान दाखवून घ्या म्हणून. मी म्हणायचो, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता. मला खरंच तसं वाटायचं. कारण आवाज तर येत होता! दार आपटलेलं कळायचं, गाडी कळायची, माणूस बोलतोय हेही कळायचं. काय बोलतोय तेवढं निसटायचं.

मी 27 वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे ठोका मारून पत्रा कापणाऱ्या यंत्रावर, काम केलं. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, ठोका. पुन्हा पत्रा, पुन्हा ठोका. एका छपराखाली अशा 11 प्रेस होत्या. पाळी संपवून बाहेर आलं की कानांत दडे बसलेले असायचे आणि आत बारीक किणकिण चालू असायची. सकाळपर्यंत दडे सुटायचे, म्हणून कुणीच मनावर घेतलं नाही. ते दडे हाच इशारा होता, हे मला फार उशिरा समजलं. कानाच्या आत ध्वनी पकडणाऱ्या नाजूक केसपेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली की सावरतात. पण रोजच्या रोज दमवत राहिलं की हळूहळू मरायला लागतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

एकदा कुणीतरी आवाज मोजायचं यंत्र घेऊन आलं होतं. माझ्या प्रेसजवळ 97 डेसिबल भरले. तेव्हा तो नुसता आकडा होता. आता हिशोब माहीत आहे. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा. म्हणजे माझ्या कानांचा दिवसाचा कोटा पाळी सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात संपत होता. उरलेले साडेसात तास कान नुसते झिजत होते.

इअरप्लग मिळायचे. ते आम्ही का घालत नव्हतो, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला तो नुसता आळस वाटतो. प्रेस चालवणारा कानाने काम करतो. डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली की ठोका बोथट येतो. कापलेला तुकडा खाली अडकला की दुहेरी आवाज येतो आणि पुढच्याच ठोक्याला डाय फुटू शकते. प्लग घातला की आपण आंधळे झालो असं वाटायचं. खरं तर सवय झाली की प्लग घालूनही हा फरक कळतो, फक्त सगळंच हळू ऐकू येतं. पण ती सवय लागेपर्यंतचे दोनतीन आठवडे आम्हाला कुणी सांभाळून घेतलं नाही. प्लग नीट कसा घालायचा तेही कुणी दाखवलं नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. आम्ही तो कानाच्या तोंडाशी नुसता खोचायचो. काही जण कापसाचा बोळा घालायचे, त्याने तर जवळजवळ काहीच अडत नाही.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. ग्लासगोमध्ये टॉमस बार नावाच्या डॉक्टरने 1886 साली बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासले होते. एकाचेही कान धड निघाले नाहीत. हे वाचलं त्या दिवशी मला फार राग आला.

थर्मामीटरच्या त्या प्रसंगानंतर मी कान तपासून घेतले. तपासणीत हेडफोन लावून बंद खोलीत बसवतात, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मधेच कितीतरी वेळ काहीच वाजेना. बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. खालच्या सुरांना रेघ जवळपास सरळ होती, 4000 हर्ट्झच्या उंच सुराला खोल खड्डा, 8000 ला पुन्हा थोडी वर. त्या खड्ड्यावर पेन ठेवून त्यांनी विचारलं, "काम कशाचं करत होता?" नुसत्या वयाने कान जातात तेव्हा रेघ शेवटपर्यंत घसरत जाते, असा मधे खड्डा पडून वर येत नाही.

स, श, फ हे सगळे त्या खड्ड्यात किंवा त्याच्या आसपास. स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत. म्हणून कुणी "साठ" म्हटलं की मला "आठ" ऐकू येतं, "सात" म्हटलं की "आत". वीस आणि तीस तर मी ओठ बघितल्याशिवाय सांगूच शकत नाही.

आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि मी दचकलो, कागद इतका वाजतो हे मी विसरलो होतो. मेंदूला पुन्हा सवय व्हायला दोनतीन महिने लागले. मशीनने फायदा झाला, पण चारजण एकदम बोलायला लागले की अजून गोंधळतो. आणि कुणी ओरडून बोललं की कानात कळ येते. हळू बोललेलं पोचत नाही आणि मोठ्याने बोललेलं सोसत नाही, या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद झाली आहे. समोर येऊन, सावकाश, नेहमीच्या आवाजात बोललं तर पुरतं. आणि नाहीच कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगावं.

सगळे हसतात, मी विचारतो काय झालं, आणि उत्तर येतं, "काही नाही, जाऊ द्या." ते कुणी वाईट मनाने म्हणत नाही, मला माहीत आहे. पण कानातली किणकिण सोसवते, रात्री पंख्याच्या आवाजात ती थोडी बुडते. "जाऊ द्या" मला सोसवत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट गेली ती मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. दिवा मालवल्यावर अंधारात आम्ही दोघं बोलायचो. दिवसभराचं, मुलांचं, पैशांचं, कधी नुसतंच. झोपताना मशीन काढावं लागतं आणि अंधारात ओठ दिसत नाहीत. ते बोलणं कधी थांबलं, आम्हा दोघांनाही आठवत नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री खांद्यावर हात पडला. बघतो तर हिने दिवा लावलेला, उठून माझ्यासमोर बसलेली. म्हणाली, "अहो, साठ. सहावर शून्य. झोपताना सांगायचं राहिलं." कशाचे साठ ते तिने पुढे सांगितलं, मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो, दिवा तसाच चालू ठेवून.